परस्परसंलग्न इनपुट क्षेत्रे
ग्राफिकल डेस्कटॉप प्रोग्रामिंगमध्ये ज्या इनपुट क्षेत्रांपैकी एकातील मूल्य बदलताच दुसऱ्यातील मूल्य आपोआप बदलते, त्यांना परस्परसंलग्न इनपुट क्षेत्रे म्हणतात. एकच तापमान सेल्सिअस व फॅरनहाइटमध्ये दाखवणारी दोन क्षेत्रे हे याचे सोपे उदाहरण होय.

दोषांचे स्वरूप
प्रत्येक क्षेत्राला, त्यातील मजकूर बदलताच चालणारे फंक्शन जोडलेले असते. पहिल्या क्षेत्राचे फंक्शन दुसरे क्षेत्र बदलते. त्या बदलामुळे दुसऱ्याचे फंक्शन चालते आणि ते पुन्हा पहिले क्षेत्र बदलू पाहते. जावाच्या स्विंगमध्ये अशा वेळी 'इललीगलस्टेटएक्सेप्शन' ही त्रुटी उद्भवते. क्यूटीमध्ये मूल्य तेच राहिल्यास नवी सूचना दिली जात नाही, म्हणून चक्र थांबते. परंतु दोष लपून राहतो. उदाहरणार्थ, पूर्णांकांत ७१ फॅरनहाइटचे २२ सेल्सिअस होतात आणि उलट रूपांतराने ७२ फॅरनहाइट मिळतात. वापरकर्त्याने भरलेली संख्या अशा रीतीने त्याच्या नकळत बदलते.

निदान
दोन्ही फंक्शनांच्या आरंभी क्षेत्राचे नाव व मूल्य छापल्यास दोषाचा माग लागतो. एका क्षेत्रात टंकल्यावर दोन्ही फंक्शनांच्या ओळी उमटल्यास चक्र असल्याचे कळते. एकही ओळ न उमटल्यास फंक्शन जोडलेले नसते किंवा बदल लांबणीवर पडलेला असतो. डब्ल्यूपीएफमध्ये बंधन केलेल्या टेक्स्टबॉक्सचा मजकूर मूळ गुणधर्मापर्यंत सामान्यतः कर्सर त्या क्षेत्राबाहेर गेल्यावरच पोहोचतो. 'अपडेटसोर्सट्रिगर'ला 'प्रॉपर्टीचेंज्ड' हे मूल्य दिल्यास तो प्रत्येक अक्षरागणिक पोहोचतो.

उपाय
वापरकर्त्याने केलेला बदल आणि प्रोग्रामने केलेला बदल यांत भेद करणे, हे सर्व उपायांचे मूळ तत्त्व आहे. क्यूटीच्या 'क्यूलाइनएडिट'मध्ये 'टेक्स्टचेंज्ड' ही सूचना दोन्ही प्रसंगी मिळते, तर 'टेक्स्टएडिटेड' केवळ वापरकर्त्याच्या बदलानंतर मिळते. अशी सोय नसल्यास 'अद्ययावत करणे चालू आहे' असे दर्शवणारे बूलियन चल ठेवून उलटा बदल रोखता येतो. स्विंगमध्ये 'इन्व्होकलेटर' वापरून बदल पुढे ढकलल्यास त्रुटी दिसेनाशी होते, पण चक्र मोडत नाही. क्षेत्रे अनेक असल्यास खरे मूल्य एकाच ठिकाणी, अचूक दशांशांसह साठवून सर्व क्षेत्रे त्यावरून भरणे अधिक विश्वसनीय ठरते. टंकन चालू असलेले क्षेत्र मात्र त्या वेळी पुन्हा भरले जात नाही. अन्यथा कर्सर जागेवरून हलतो आणि केवळ उणे चिन्ह असलेला अपूर्ण मजकूर पुसला जाऊ शकतो.