नळाचा पहारेकरी आणि गोठणारे पाणी



आपल्या शाळेतून शिकून गेलेली कितीतरी मुले-मुली आज अमेरिकेत, विशेषतः टेक्सासमधल्या डॅलसच्या आसपास, नोकरी करत आहेत. त्यांच्याकडे हिवाळ्यात राहून आलेल्या एका आजी-आजोबांनी आम्हाला एक हकिकत सांगितली. मुलगा-सून कामावर गेली होती. रात्रभर कडाक्याची थंडी पडून सकाळी ऊन आले होते. दुपारी अंगणातल्या भिंतीलगतच्या एका पितळी यंत्रातून अचानक पाण्याचे कारंजे उडू लागले. पाणी बंद कुठे करायचे ते दोघांनाही ठाऊक नव्हते. मुलगा घरी येईपर्यंत अंगणाचे तळे झाले होते. ते यंत्र कसले, ते थंडीत का फुटते आणि ते कसे जपायचे, हे या अंकात आम्ही समजावून सांगत आहोत.

हा पहारेकरी कशासाठी?

अमेरिकेत पुष्कळ घरांच्या हिरवळीत जमिनीखाली नळ्या पुरून त्यांना तुषार-तोट्या बसवलेल्या असतात. बागेचे हे पाणी पिण्याच्याच नळातून येते. तोट्यांभोवती खत, कीटकनाशक, कुत्र्यामांजरांची घाण असते. रस्त्यावरची मुख्य वाहिनी फुटली किंवा आग विझवण्यासाठी एकाच वेळी खूप पाणी ओढले गेले, तर नळातला दाब एकदम उतरतो. अशा वेळी बागेतले घाण पाणी उलटे ओढले जाऊन पिण्याच्या पाण्यात मिसळू शकते.

ही भीती नुसती कल्पनेतली नाही. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले असताना दोन हॉटेलांतल्या सदोष नळजोडणीमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले. आमांशाची मोठी साथ पसरली आणि शंभराच्या आसपास माणसे दगावली. पाणी उलटे येऊ न देणारे साधन म्हणजे बॅकफ्लो प्रिव्हेंटर. अमेरिकेतल्या अनेक शहरांत ते बसवणे आणि दरवर्षी तपासून घेणे बंधनकारक आहे.

त्याचा एक नेहमीचा प्रकार असा असतो. आत स्प्रिंगची एक झडप आणि तिच्या वर हवेचे भोक असते. पाणी वाहत असताना त्याच्या दाबाने वरचे भोक बंद राहते. दाब उतरला की झडप मिटते, भोक उघडते आणि हवा आत शिरते. हवा शिरली की पाणी उलटे ओढले जात नाही. वक्रनलिकेचा प्रयोग करताना नळीचे वरचे टोक बादलीतल्या पाण्याबाहेर काढले की धार तुटते ना? तेच तत्त्व येथे आहे.

मग तो फुटतो कशाने?

हा प्रकार नीट चालावा म्हणून तो सर्वांत उंच तोटीपेक्षा निदान एक फूट वर बसवावा लागतो. त्यामुळे बाकीच्या नळ्या जमिनीच्या उबेत राहतात आणि पहारेकरी मात्र उघड्यावर कुडकुडतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. शंभर लिटर पाण्याचा बर्फ सुमारे १०९ लिटर जागा मागतो. बंद पितळी पेटीत ती जागा कोठून मिळणार? प्लास्टिकची झडप आणि झाकण बहुधा आधी फुटते. थंडी लांबली तर पितळही तडकते. मात्र बर्फ स्वतःच बूच बनून राहतो, म्हणून तडा रात्री जातो आणि कळतो ऊन पडल्यावर. आजी-आजोबांच्या बाबतीत नेमके हेच झाले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये मोठी शीतलाट आली, तेव्हा लाखो घरांची वीज गेली आणि ठिकठिकाणी नळ फुटले. नेहमी उबदार असणाऱ्या प्रदेशातच तयारी कमी असते, हा धडा त्यातून मिळाला.

काय करावे?

१. बागेच्या फाट्याचा, यंत्राच्या आधीचा कॉक बंद करावा. तुषार-सिंचनाचे घड्याळही बंद ठेवावे.

२. निचऱ्याची तोटी उघडावी. यंत्रावरचे तपासणीचे छोटे स्क्रू-कॉक पेचकसाने उघडून आतले पाणी गळू द्यावे.

३. यंत्राचे दोन्ही दांडे अर्धवट, म्हणजे ४५ अंशांवर ठेवावेत. दांडा पूर्ण बंद असला की कॉकच्या गोळ्यात थोडे पाणी अडकून राहते आणि तेवढेही तडा पाडायला पुरते.

४. पाणी काढता येत नसेल तर यंत्र आणि जमिनीतून वर येणारी नळी फोमने किंवा जाड कापडाने झाकून वरून प्लास्टिक घालावे. हवेची भोके मात्र बुजवू नयेत. पांघरूण स्वतः ऊब निर्माण करत नाही, असलेली ऊब हळू जाऊ देते इतकेच. म्हणून लांबलेल्या थंडीत पाणी काढणे हाच खरा उपाय.

५. फार थंड राज्यांत कॉम्प्रेसरने नळ्यांतले पाणी उडवतात. ते काम जाणकारावर सोपवावे. हवा यंत्राच्या पुढच्या बाजूने सोडायची असते, यंत्रातून नव्हे.

६. गोठलेल्या नळाला ज्योत लावू नये.

मुलांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांना आमची एक विनंती आहे. पहिल्याच दिवशी घराचा मुख्य कॉक कुठे आहे ते विचारा आणि स्वतःच्या हाताने एकदा फिरवून बघा.

आणि आपल्याकडे?

हैदराबादेत नळ फुटण्याइतकी थंडी पडत नाही. पण पाणी उलटे ओढले जाण्याचा धोका येथेही आहे. आपला नळ ठरावीक वेळीच येतो. तो जाताना रबरी नळीचे टोक बादलीत बुडालेले असले, तर बादलीतले पाणी वाहिनीत परत जाऊ शकते. त्याला अत्यंत स्वस्त पहारेकरी आहे: नळीचे टोक आणि पाणी यांत वीतभर अंतर.

मुलांनो, एक प्रयोग करा. प्लास्टिकच्या दोन बाटल्या घ्या, काचेच्या नकोत. एक काठोकाठ भरा, दुसरी पाऊण भरा. झाकणे लावून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी दोन्हींचा आकार वहीत काढा. शाळेच्या बागेला पाणी घालून झाले की नळी टबात न सोडता खुंटीवर टांगण्याचे काम यंदा सातवीच्या मुलांनी अंगावर घ्यावे. ती खुंटी विश्वस्त मंडळाने लवकर ठोकून द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.