पाटीवरची पेन्सिल

मैत्रिणींनो, आज एक गोष्ट कबूल करते. धाकट्याच्या दप्तरातली पाटीवरची पेन्सिल मी खायचे. एखादी नाही, दिवसाला चार-पाच! डाळीच्या डब्यामागे पुडाच लपवून ठेवला होता. दुपारी सगळं आवरलं की कुरुम् कुरुम्... चाळिशीला आलेली बाई, सांगणार तरी कुणाला?

जिना चढताना धाप लागायची. कणीक मळायलाही हात उठत नसे. घरात म्हणायचे, "आळशी झालीस." मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं. शेवटी सासूबाईच मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "माती, खडू, पेन्सिल असलं काही खाता का?"

"छे हो!" मी म्हणाले.

"खाते," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मला ठाऊक आहे. हिच्या वयाची असताना मीही भाजकी माती खायचे."

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.६! बाईमाणसाला किमान १२ हवं. शरीरातलं लोह कमी झालं की अनेकींना असं काहीबाही खावंसं वाटतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. म्हणजे ती खोड नव्हतीच, आजाराची खूण होती. मला तिथेच रडू आलं.

पण गंमत पुढेच आहे. लोहाच्या गोळ्या मी दोन महिने घेतच होते की! "कशाबरोबर?" बाईंनी विचारलं. "सकाळच्या चहाबरोबर." त्यांनी कपाळाला हात लावला. चहातलं टॅनिन लोह अंगी लागू देत नाही. गोळी आणि चहा यांत निदान तासा-दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्यायची. लिंबूपाण्याबरोबर मात्र लोह चांगलं शोषलं जातं, कारण लिंबातलं 'क' जीवनसत्त्व मदत करतं. शौचाला काळं होतं, त्याने घाबरायचं नाही. मग त्यांनी पाळीबद्दल खोदून खोदून विचारलं. मला सात-आठ दिवस भरपूर जायचं, आणि मी ते 'आपलं असतंच' म्हणून सोडून दिलं होतं. त्याचीही तपासणी आणि औषध सुरू झालं. गळती बंद केल्याशिवाय हंडा भरणार कसा?

"बाजरीची भाकरी, हळिवाचे लाडू, मोड आलेली मटकी हे सगळं खा, वर लिंबू पिळा. पण एवढं कमी असताना नुसत्या खाण्याने भागणार नाही, गोळी हवीच," असंही त्यांनी बजावलं. आयसीएमआरच्या २०२० च्या हिशेबाने पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, बाईला २९. आणि आपण जेवतो सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, यात नवल ते काय?

घरी आल्यावर एकदम थोरलीची आठवण झाली. तेरा वर्षांची, पाळी नुकतीच सुरू झालेली, सदा पेंगुळलेली. शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात ना, घेतेस का? आधी गप्प. मग म्हणाली, "मळमळतं गं आई. आम्ही सगळ्या जणी खिडकीतून टाकतो." तिचं हिमोग्लोबिन ९.८ निघालं. आता गोळीच्या दिवशी ती पोटभर जेवून मगच गोळी घेते, मळमळ बरीच कमी झाली. वर्गातल्या दोघींनाही तिने तसंच सांगितलंय म्हणे.

माझं दोन महिन्यांत १०.९ वर आलं. १२ झाल्यावरही पुढे तीन महिने गोळी चालू ठेवायची आहे, अंगातला साठा भरून निघायला.

परवा डबे घासताना पेन्सिलींचा पुडा सापडला. वास घेऊन पाहिला, खावीशी वाटली नाही. धाकट्याला देऊन टाकला. तो म्हणतो, "आई, एवढ्या पेन्सिली कुठून आल्या गं?" सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.