नाव काढलं तरी चेहरा राहतो

घरात कुणाला फिट आली की डॉक्टर डोक्याचा एमआरआय करायला सांगतात. शहाडहून आपण कल्याणला जातो, नाहीतर थेट मुंबईला. मोठ्या रुग्णालयात कधी एक जादा कागद पुढे येतो. तुमच्या तपासणीची चित्रं संशोधनाला वापरू का, असं त्यात विचारलेलं असतं. आज आम्ही त्या कागदाबद्दल सांगतोय.

एका मेंदूवरून संशोधकांना फार कळत नाही. शेकडो मेंदू शेजारी ठेवून पाहावे लागतात, म्हणून एक संस्था दुसरीला चित्रं देते. काम चांगलंच आहे. पण कॉम्प्युटरमधल्या त्या फाईलला आपलं नाव, जन्मतारीख, रुग्णालयाचा नंबर चिकटलेला असतो. तो काढून नुसता क्रमांक ठेवायचा असतो.

तेवढ्यानं भागत नाही. एमआरआयमध्ये मेंदूबरोबर नाक, डोळे, कानही येतात. थरावर थर रचला की चेहरा उभा राहतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2019 मध्ये 84 जणांवर हे करून दाखवलं. कॉम्प्युटरनं 70 जणांचे फोटो बरोबर जुळवले! म्हणून चित्र देण्याआधी चेहरा पुसतात. मेंदू तसाच राहतो.

आपल्या पाड्यावर तर चेहराही लागत नाही. ‘पस्तिशीची, फिट येणारी, अमक्या पाड्याची’ म्हटलं की सगळ्यांना कळतं, आणि मग पोरीच्या लग्नाची बोलणी थांबतात. गावाऐवजी नुसता जिल्हा लिहिला तरी बरंच झाकतं.

फेब्रुवारी 2020 मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीच्या अहवालाची बातमी आली. भारतातल्या रुग्णांची तपासणीची चित्रं इंटरनेटवर उघडी पडली होती. सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रातली, 3 लाखांवर नोंदी आणि जवळजवळ 7 कोटी चित्रं. ती कुणी संशोधनाला दिलेली नव्हती. साठवणीला कुलूपच नव्हतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे 2017 चे नियम आहेत. माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. नाही म्हटलं तरी उपचार थांबवायचे नाहीत. मध्येच बाहेरही पडता येतं, पण आधीच दुसरीकडे गेलेलं चित्र परत आणणं अवघड, म्हणून सहीआधीच विचारा. चेहरा पुसणार का? चित्रं कुणाकुणाला देणार? बाहेर पडायचं तर फोन कुणाला करायचा? वाचता येत नसेल, अंगठा द्यायचा असेल, तर त्रयस्थ साक्षीदार हवा. कागदाची एक प्रत आपली असते. ती मागून घ्या आणि प्लेटच्याच पिशवीत ठेवा.