चोखंदळ ट्राउट आणि तीळभर माशी

ट्राउट हा थंड, वाहत्या आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा. एरवी तो समोर येईल ते खातो. पाण्यातल्या अळ्या, गोगलगायी, काठच्या गवतातून पडलेला नाकतोडा, प्रसंगी लहान मासाही त्याला चालतो. पण एकाच जातीचे बारीक कीटक नदीतून हजारोंनी बाहेर पडू लागले की त्याचे वागणे पालटते. तो तेवढेच कीटक टिपत राहतो आणि शेजारून मोठा घास वाहत गेला तरी ढुंकून पाहत नाही. अशा माशाला खोट्या माशीने फसवणे हा फ्लाय फिशिंगमधला सर्वांत अवघड प्रकार समजला जातो.

नेहमीच्या गळाला आमिषाचे किंवा शिशाचे वजन असते, त्यामुळे तो लांब फेकता येतो. फ्लाय फिशिंगमध्ये सगळे उलटे आहे. गळावर पिसे, केस आणि रेशीम बांधून केलेल्या माशीला वजन जवळपास नसतेच. म्हणून जाड, वजनदार दोरी काठीने मागेपुढे झुलवून फेकतात आणि तिच्या टोकाच्या निमुळत्या पारदर्शक धाग्यामागून माशी पाण्यावर उतरते.

या कलेचे काटेकोर शास्त्र घडले ते दक्षिण इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यात, टेस्ट आणि इचेन या नद्यांवर. खडूच्या खडकातून झिरपून येणारे त्यांचे पाणी वर्षभर थंड आणि काचेसारखे नितळ असते, त्यात क्षारही भरपूर. त्यामुळे पाणवनस्पती आणि कीटक विपुल, मासे गुटगुटीत आणि फसवायला महाकठीण. फ्रेडरिक हॅल्फर्ड यांनी १८८६ मध्ये तरंगत्या माश्यांवर पुस्तक लिहिले आणि नियम घालून दिला: पृष्ठभागावर खाणारा मासा आधी हेरायचा, तो खात असलेल्या कीटकाची हुबेहूब नक्कल करायची आणि ती कोरडी, तरंगती माशी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायची. त्यांच्या अनुयायांनी या नियमाचे सोवळे करून टाकले.

ते सोवळे मोडले जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने. पकडलेल्या ट्राउटच्या पोटातले अन्न ते लांब चमच्याने काढून पाण्यात पसरून बघत. वर मासा माश्या टिपताना दिसे, पण पोटात बहुतेक वेळा पंख फुटण्याआधीची पिल्ले, म्हणजे निम्फ सापडत. १९१० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी पाण्याखालून वाहणाऱ्या निम्फची बाजू मांडली. वाद इतका चिघळला की १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चा झडली. निकाल मागाहून पाण्यानेच दिला. आज निम्फ जगभर वापरतात.

माशाचा हा चोखंदळपणा हुशारीचा मानायचे कारण नाही. तो काटकसरीचा हिशेब आहे. चार-पाच मिलिमीटरच्या कीटकामागे प्रवाहात धावणे परवडत नाही. म्हणून ट्राउट संथ धारेत पृष्ठभागाच्या अगदी लगत एका जागी तरंगतो आणि वाहत येणारा घास जेमतेम तोंड वर करून घेतो. ज्या आकाराचा, ज्या ठेवणीचा घास शंभरदा खरा ठरला, तोच तो ओळखतो. बाकीचे त्याच्या लेखी काडीकचरा.

यात प्रकाशाचाही हात आहे. पाण्यातून वर पाहताना माशाला बाहेरचे जग फक्त एका वर्तुळाकार खिडकीतून दिसते, तिच्या पलीकडे पृष्ठभाग आरशासारखा असतो. खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सुमारे सव्वादोन पट. मासा अर्धा मीटर खाली असेल तर ती मीटरभराहून थोडी रुंद असते. तो दहा सेंटीमीटरवर आला की वीतभरच उरते. माशी एवढ्या अरुंद पट्ट्यातूनच गेली पाहिजे. हातभर बाजूला पडलेली माशी त्याच्यासाठी पडलीच नाही.

कीटकांतही सोंगे अनेक. मेफ्लायचे निम्फ पाण्यात वाढते, वर येऊन मळकट पंखांची माशी होते, मग पुन्हा एकदा कात टाकून चकचकीत पंखांची होते. पंख फुटल्यावर कात टाकणारा हा एकमेव कीटकगण. प्रौढ मेफ्लायला खाण्याजोगे तोंडच नसते. वीण झाली की ती पंख पसरून पाण्यावर पडते. यातली केनिस ही जात तर ३ ते ५ मिलिमीटरची. इंग्रज मासेमार तिला शापच म्हणतात. ती नदीतून उठते, काही वेळा मासेमाराच्या कोटावर बसूनच कात टाकते आणि काही तासांत मरते. न चावणारे बारीक डासही असेच. त्यांचे कोष पृष्ठभागाच्या पापुद्र्याखाली लटकत असतात.

मासा नेमके कोणते सोंग खातो हे पाण्यावरच्या खुणांवरून कळते. वलय उठून मागे बुडबुडा राहिला तर त्याने पृष्ठभागावरची माशी हवेसकट गिळली. नुसती पाठ आणि शेपटी दिसली, बुडबुडा नाही, तर तो पापुद्र्याखालचा कोष टिपतो आहे. डोळ्यांत भरणाऱ्या मोठ्या माश्या उडत असताना मासा नजरेत न येणाऱ्या चिलटांवर ताव मारत असतो, ही नेहमीची फसगत. जाळीचा तुकडा प्रवाहात धरून पाहणे हा त्यावर साधा उपाय.

नक्कल करताना आधी आकार, मग ठेवण आणि शेवटी रंग पाहावा. चार मिलिमीटरच्या जागी सहाची माशी म्हणजे दीडपट मोठी, आणि ते माशाला लगेच कळते. गळांचे क्रमांक वाढतात तसा गळ लहान होतो. इथे २० ते २६ क्रमांकाचे लागतात. एक युक्ती मात्र चालते: एकमेकांना चिकटून वाहणाऱ्या डासांच्या पुंजक्याची नक्कल. मोरपिसाचा धागा आणि कोंबड्याचे करडे पीस गुंडाळून केलेली ग्रिफिथ्स नॅट ही अशी माशी. १९५९ मध्ये मिशिगनात स्थापन झालेल्या ट्राउट अनलिमिटेड या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, जॉर्ज ग्रिफिथ, यांचे नाव तिला आहे.

माशी कितीही हुबेहूब असली तरी ती प्रवाहाच्या वेगानेच वाहिली पाहिजे. मासेमार आणि मासा यांच्यामधल्या धारा वेगवेगळ्या वेगाच्या असतात, त्या दोरी ओढतात आणि माशी बोटभर का होईना घसरते. खरा कीटक असा घसरत नाही. म्हणून दोरी ताणून न टाकता नागमोडी, सैल टाकतात. ती सरळ होईपर्यंत माशी मोकळी वाहते. बहुतेक वेळा मासा नकार देतो तो माशीला नव्हे, या ओढीला. तरी मासेमार बदलतो ती माशीच! टोकाचा धागा दशांश मिलिमीटर जाडीचा, साधारण किलोभर ताणाला तुटणारा. मासा लागल्यावर झटका दिला की तो गेलाच, काठी नुसती हळूच उचलायची असते.

सह्याद्रीतल्या नद्यांत ट्राउट नाही. पाणी २० अंश सेल्सिअसवर गेले की त्याचे खाणे मंदावते, आपल्या उन्हाळ्यात तो तगणार नाही. भारतात तपकिरी ट्राउटची अंडी १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून काश्मीरला आणली गेली. आज तिथल्या लिद्दर नदीत आणि हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात तो आढळतो. गळ टाकण्याआधी त्या त्या ठिकाणच्या मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा लागतो.