भाचीचं बिऱ्हाड आमच्या कोपीत

आम्ही दोघी जावा, बीड जिल्ह्यातल्या. दसरा झाला की कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडं निघायचं आणि पाडव्याच्या आसपास माघारी यायचं, असं आमचं बारा वर्षांचं चाललंय. म्हणजे निम्मं वर्ष आमचं घर म्हणजे कोपी. बांबूच्या कामट्या वाकवायच्या, वर चटई, तिच्यावर ताडपत्री. आत कसंबसं चार माणसं आडवी होतात. अशा कोपीत नात्यातलं नवं बिऱ्हाड मुक्कामाला आलं तर काय करायचं, हे आज सांगायला बसलोय. आमच्यावर ती वेळ मागच्या हंगामात आली. बऱ्याच गोष्टी चुकल्यावर कळल्या.

आमच्या नणंदेची लेक, तिचा नवरा आणि आठ महिन्यांचं बाळ. त्यांचा पहिलाच हंगाम. आमच्याच टोळीत घेतलं होतं, पण ते मागाहून आले आणि तोवर तळावरच्या चटया वाटून संपल्या होत्या. म्हटलं, या, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. ते दोन-चार दिवस एकोणीस झाले.

पहिली अडचण जावयाची. गावाकडं जावई आला तर त्याला पाटावर बसवतो, आपण पदर सावरून आडोशाला उभ्या राहतो. कोपीत आडोसा कुठला? पाव्हणं रात्रभर बाहेर गाडीपाशी घोंगडी घेऊन बसायचे आणि दिवसा फडात डुलक्या घ्यायचे. उसाच्या रानातली थंडी तुम्हाला ठाऊक आहे, पहाटे दवानं अंथरूण ओलं होतं. तीन रात्री अशा गेल्यावर भाचीच म्हणाली, "मामी, तुमच्या दोन कोप्या हायत ना? मग समदे गडी एकीत झोपू द्या, आपण बायका-लेकरं एकीत." इतकी साधी गोष्ट आम्हाला सुचली नव्हती, कारण आम्ही ज्याची त्याची कोपी असंच धरून बसलो होतो. ज्यांची एकच कोपी आहे त्यांनी शेजारच्या कोपीवाल्यांशी पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं. लाज धरू नये, त्यांच्याकडंही कधीतरी पाहुणे येणारच.

न्हाणीचंही तसंच. आम्ही अंधारात उरकून घेतो, ती सवय आहे. बाळंतपणाला वर्षही न झालेल्या पोरीला ते जमत नाही. जुन्या लुगड्याचे आणि खताच्या गोण्यांचे चार पडदे बांबूला बांधून तिला न्हाणी करून दिली. अर्ध्या तासाचं काम. नंतर टोळीतल्या साऱ्या बाया तीच वापरायला लागल्या.

आता बाळाचं. आम्ही आमची लेकरं फडाच्या कडेला झोळीत टाकूनच वाढवली, म्हणून वाटलं हेही वाढेल. दहाव्या दिवशी त्याला जुलाब लागले. पाणी कॅनालचं होतं, आम्हाला ते पचतं, लहानग्याला नाही. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, ते बंद करायचं नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसची एक पुडी घालून चमच्या-चमच्यानं पाजायचं. पुडी नसली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सरकारी दवाखान्यात जस्ताच्या गोळ्या मिळतात, त्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायच्या. पण डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, बाळ दूध ओढेना, तर वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करायचा. आम्ही एक रात्र वाट पाहिली. बाळ वाचलं, पण ती रात्र आठवली की अजून पोटात गोळा येतो.

दवाखान्यात नर्सताईंनी लसीचं कार्ड मागितलं, तर ते गावाकडं पेटीत. बाळाला नववा महिना पुरा होताच गोवर-रुबेलाची लस द्यायची असते आणि ती कुठल्याही सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मात्र आधी काय दिलंय हे कार्डावरून कळतं. म्हणून पाहुणे निघायच्या आधीच सांगावा धाडा: बाळाचं कार्ड, आधार आणि रेशनकार्ड बरोबर घ्या. आता जिथं असाल तिथल्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. तीन माणसं जास्तीची जेवायला असली की त्याची किंमत कळते. तळाजवळच्या अंगणवाडीतही बाळाचं नाव सांगून या, ताई स्थलांतराची नोंद करून घेतात.

आणि लेकराला बांधावर एकटं ठेवू नका. जुन्नर-शिरूर भागात उसातच बिबट्याची पिल्लं सापडतात, तिकडं जाणाऱ्यांनी तर मुळीच नको. आम्ही पाळी लावली होती. आमच्यातली एक मोळ्या बांधायची, दुसरी झोळीपाशी.

खरं भांडण झालं ते हिशोबावरून. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि आमच्या टोळीत गाडीचं टनेज कोयत्यांवर सारखं वाटतात. बाळ आजारी, म्हणून भाची पाच दिवस फडात आली नाही. मुकादमानं खाडा लावला तो लावलाच, वर टोळीतले बोलायला लागले, "पैसा आख्ख्या कोयत्याचा, काम अर्ध्याचं." बोलणारे वाईट नव्हते, त्यांच्याही डोक्यावर उचल होती. चूक आमची. पोरीच्या पदरात तान्हं आहे, हे हंगामाआधी साऱ्यांसमोर सांगून अर्धा कोयता ठरवायला पाहिजे होता, नाहीतर बाळाला सांभाळायला तिच्या सासूला बरोबर आणायचं. त्यांची उचलही आमच्या शब्दावर मिळाली होती. त्यामुळं जावई मधेच गावाकडं जायची भाषा करायला लागले तेव्हा मुकादम आमच्या मालकांकडं बघायला लागला. थोरलीचं मत असं की नात्यात जामीन राहूच नये. धाकटी म्हणते, मग पोरींना उचल देणार कोण? आमचं यावर अजून एकमत नाही. पण उचल किती घेतली, किती फिटली, हे ज्याचं त्यानं वेगळ्या वहीत लिहावं आणि आठवड्याला मुकादमाकडून तपासून घ्यावं, यावर दोघींचं एकमत आहे.

विसाव्या दिवशी चटया मिळाल्या आणि त्यांची कोपी आमच्या शेजारी उभी राहिली. चूल वेगळी झाली त्या संध्याकाळी भाचीनं पहिली भाकरी थापून आमच्याकडं आणून दिली. एका बाजूनं करपली होती. जावई तेव्हा पहिल्यांदा आमच्यासमोर हसले.

यंदा ती दोघं पुन्हा येणार आहेत, सासूला घेऊन. लेकरू आता पळतंय म्हणे. बाळाचं कार्ड घेतलंय का, म्हणून आम्ही फोन केला, तर भाची म्हणाली, "मामी, कार्ड घेतलंय. तुम्ही पाण्याला झाकणाचे दोन कॅन जास्तीचे घ्या."