रेशमी पिसांची कोंबडी
परसदारी शोभेच्या कोंबड्या पाळण्याची हौस ज्याला नव्यानेच जडली आहे, त्याने नाना जातींच्या मोहात न पडता प्रथम चीनकडची 'सिल्की' पत्करावी. कारण काळी कातडी, पायाला चाराऐवजी पाच बोटे आणि कापसासारखी पिसे असे विलक्षण रूप लाभूनही तिची वृत्ती शांत असते, आणि खुडूक बसण्याची ओढ तर इतकी प्रबळ, की बदकाची अंडीदेखील ती बिनतक्रार उबवते. कोंबडीच्या अंड्यांना २१ दिवस लागतात. सातव्या रात्री अंडे बॅटरीच्या झोतापुढे धरावे, म्हणजे फलित अंड्यात तांबड्या शिरांचे जाळे दिसते. नितळ राहिलेले खुशाल काढून टाकावे. मात्र सिल्कीच्या पिसांवरून पाणी निथळत नाही, तेव्हा पावसाळ्यात खुराड्याचा बंदोबस्त चोख हवा, आणि उडणे तिला जमत नसल्याने निजायला उंच दांडीऐवजी कोरडे तूस बरे.