मधमाश्यांनी संप केला तर?

मंडळी, काकडीचा वेल फुलांनी भरून जातो, पण फुलामागची इवलीशी काकडी पिवळी पडते आणि गळते. हा अनुभव तुम्हाला आहे ना? मग आपण कधी खताला बोल लावतो, कधी पाण्याला, तर कधी दृष्ट लागली म्हणतो. पण या गळीमागे पुष्कळदा वेगळंच कारण असतं. ते हसत-खेळत सांगणारा एक कार्टून सिनेमा आहे. त्याचं नाव ‘बी मूव्ही’, म्हणजे मधमाशीचा सिनेमा. तो २००७ साली अमेरिकेत निघाला.

गोष्ट मोठी मजेदार आहे. बॅरी नावाची एक तरणी मधमाशी शिक्षण संपवते. आता एक काम निवडायचं आणि मरेपर्यंत तेच करायचं, असा पोळ्याचा कायदा! बॅरी कंटाळतो आणि पोळ्याबाहेर पडून न्यूयॉर्क शहर पाहायला निघतो. तिथे एक फुलवाली त्याचा जीव वाचवते. पुढे दुकानात मधाच्या बाटल्या रांगेनं मांडलेल्या दिसतात आणि त्याचं डोकं फिरतं. आमच्या कष्टाचा मध माणसं विकतात? तो थेट कोर्टात जातो, आणि खटला जिंकतोसुद्धा!

सगळा मध परत मिळतो, मधमाश्या हात-पाय पसरून बसतात. इथंच घोटाळा होतो. फुलावरचे पराग दुसऱ्या फुलावर नेणारं कुणी राहत नाही. फुलं कोमेजतात, बागा सुकतात, त्या फुलवालीचं दुकानही बंद पडतं. शेवटी मधमाश्या पुन्हा कामाला लागतात तेव्हा कुठे जग हिरवं होतं.

सिनेमात थोडी थापही आहे बरं का! मध आणणारा बॅरी नर दाखवलाय. खरं तर पोळ्यातलं सगळं काम माद्या करतात. नराला नांगीही नसते. जन्मभर एकच काम हेही खरं नाही. कामकरी माशी आधी पोळं झाडते, मग पिलांना भरवते, मेण काढते, राखण करते आणि शेवटी मध आणायला बाहेर पडते. हंगामात तिचं आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचं. तेवढ्यात तिच्या हातून चमच्याचा बारावा हिस्सा मध होतो! ज्वारी, गहू, भात यांचं मधमाशीवाचून अडत नाही. पण काकडी, भोपळा, सूर्यफूल, कांद्याचं बी यांचं अडतं. काकडीवर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. पराग चिकट, वाऱ्यानं जात नाहीत. माशी आली नाही, तर फळ धरत नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, एवढं कराच. पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो विषारी औषध फवारू नका. फवारावंच लागलं तर माश्या घरी परतल्यावर, सांजवेळी फवारा. मधासाठी पोळ्याला आग लावू नका. माश्या दिसेनाशा झाल्या असतील, तर सकाळी नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला लावा. परसातल्या दोन वेलांना हे जमेल. पण एकरभर शेतात किती फुलांना हात लावाल?

सिनेमातल्या संपावर कोर्टात तोड निघाली नाही. आपल्या शिवारातला संप तर आपणच घडवतो, आणि तो मिटवणंही आपल्याच हाती आहे.